गोष्ट ओळखीची, नाट्यगृह छोटं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भास या प्राचीन संस्कृत नाटककाराच्या ‘ऊरुभंगा’त एक जागा आहे. गदायुद्ध संपलंय, मांड्या फुटलेला दुर्योधन जमिनीवर पडलाय, आणि त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला जातो. दुर्योधन त्याला अडवतो. महाभारत मला लहानपणापासून ठाऊक होतं. भीमाने गदा कुठे मारली, तेही ठाऊक होतं. पण त्या मांडीवर रोज एक मूल बसायचं, हे कधी मनातच आलं नव्हतं. मी हा प्रसंग पाहिला तो शंभरेक माणसांच्या एका खोलीवजा सभागृहात. नट माझ्यापासून सात-आठ फुटांवर होता. मुलाला थांबवायला त्याने हात वर केला तेव्हा त्याचं मनगट थरथरलं, ते मला दिसलं.

तेव्हापासून मी असे प्रयोग शोधून शोधून बघते. मी पुण्यात राहते, त्यामुळे पुण्यात जास्त, जमेल तेव्हा मुंबईत, आणि कोकणात गेले की जत्रेत. शेजारी, भाचरं, ऑफिसातल्या मैत्रिणी यांनाही ओढून नेते. “आम्हाला प्रायोगिक नाटक कळत नाही गं,” हे बहुतेक सगळ्यांनी ऐकवून झालंय. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: सुरुवात माहीत असलेल्या गोष्टीपासून करायची. पुढे काय होणार याची काळजी नसली की डोळे मोकळे होतात. ही बाई मूळ कथेत गप्प होती, इथे बोलतेय. उजेड फक्त तिच्या पायांवर का. राजाने मान खाली का घातली, हे आपोआप दिसायला लागतं.

माझी आत्या पंचाहत्तरीची. आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली. तिला पहिल्यांदा नेलं तेव्हा मला धाकधूक होती. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “अगं, बुवासुद्धा हेच करतात. उत्तररंगात आख्यान तेच, लावणं ज्याचं त्याचं.” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. हरिश्चंद्राचं आख्यान लागलं म्हणून ‘हे माहितेय’ म्हणत कीर्तनातून कुणी उठून जात नाही. आपली रंगभूमीही अशीच सुरू झाली. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

पहिली पायरी: आधी गोष्ट निवडा

‘चांगलं नाटक कुठलं लागलंय?’ असं विचारत बसू नका. आपल्या आत कुठली गोष्ट पक्की बसलीय ते आठवा. रामायण-महाभारतातला एखादा प्रसंग, संतांच्या चरित्रातली एखादी कथा, शाळेत धड्यात होती ती गोष्ट, आई-बाबा ज्याचे संवाद म्हणून दाखवायचे ते जुनं नाटक. तिचा नवा प्रयोग लागला की जायचं.

नवा म्हणजे किती नवा, याचे मात्र प्रकार आहेत, आणि ते माहीत असले की अपेक्षाभंग होत नाही.

कधी संहिता तीच असते, दिग्दर्शक आणि नट नवे. जुनं गाजलेलं नाटक पन्नास वर्षांनी तरुण मुलं करतात तेव्हा शब्द बहुतेक तेच असतात, पण पूर्वी जिथे हशा यायचा तिथे आज शांतता पडते. हा फरक अनुभवायचा असेल तर ते नाटक ऐकून-पाहून असलेल्या घरातल्या मोठ्या माणसाला सोबत न्या.

कधी गोष्ट तीच पण देशकाल बदललेला. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. आगरकरांनी 1883 मध्ये शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं, देवलांनी 1890 मध्ये ‘ऑथेल्लो’ला ‘झुंजारराव’ केलं. 1970 साली ‘नटसम्राट’ आलं. सगळं मुलांना वाटून टाकणारा बाप ही ‘लियर’ची गोष्ट, पण अप्पासाहेब बेलवलकर इतके आपले झाले की मूळ राजा अनेकांना आठवतही नाही.

आणि कधी गोष्ट तीच, फक्त सांगणारं माणूस बदलतं. नवख्या प्रेक्षकाने इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. तुकोबांसाठी भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि ज्याला ती शिव्या घालते तो विठोबाच तो काढतो, ही कथा आपण किती वेळा ऐकलीय! प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’त त्यानंतर काय होतं, तर रखुमाई लखूबाई होऊन आवलीच्या घरी तिची सेवा करायला येते. संपूर्ण नाटकात दोनच बाया. हे नाटक पुढे मोठ्या रंगमंचावर गाजलं, पण त्याचं मूळ एका एकांकिकेत आहे. छोट्या जागेत अशी बीजं रुजताना बघायला मिळतात.

थोडं थांबून शकुंतलेबद्दल

पायऱ्या बाजूला ठेवून हे सांगतेच, कारण यातून बरंच उलगडतं.

शकुंतलेची गोष्ट विचारली तर आपण सगळे अंगठी, दुर्वासांचा शाप, मासा आणि कोळी सांगतो. महाभारताच्या आदिपर्वात यातलं काहीच नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो भर दरबारात ओळख नाकारतो. शकुंतला मुलाला घेऊन उभी असते आणि त्याला खणखणीत सुनावते. शाप आणि अंगठी कालिदासाने या कथेत आणली. म्हणजे आपण जिला मूळ गोष्ट समजतो तीच एका नाटककाराने नव्याने मांडलेली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तीच मराठीत आणून तिला पदांनी भरलं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमीला तिथून बहर आला.

म्हणून आज कुणी तरुण दिग्दर्शक शाकुंतल करणार असेल तर मी मनाशी एक प्रश्न घेऊन जाते: याने अंगठी ठेवलीय का? ठेवली असेल तर राजाला माफी आहे. काढली असेल तर त्याला जाब द्यावा लागणार. त्या एवढ्याशा वस्तूवर सगळ्या नाटकाचा न्याय टांगलेला असतो.

दुसरं म्हणजे रथ. पहिल्याच अंकात दुष्यंत हरणामागे रथ दौडवत येतो. पंधरा फुटांच्या खोलीत रथ आणायचा कुठून? गंमत अशी की कालिदासाच्या संहितेतच सूचना आहे, ‘रथवेगं निरूप्य’, म्हणजे रथाचा वेग अभिनयाने दाखवून. झाडांना पाणी घालणं, भुंगा अंगावर येणं, हेही अभिनयानेच. रंगवलेले पडदे आणि देखावे आपल्याकडे फार नंतर आले. छोट्या नाट्यगृहात रिकाम्या जमिनीवर नट दोन पावलं टाकतो आणि वन उभं राहतं, तेव्हा ती पैसे वाचवायची सोय आहे असं समजू नका. कालिदासाने ज्या रीतीने नाटक लिहिलं, त्या रीतीच्या तुम्ही फार जवळ बसलेले असता.

दुसरी पायरी: प्रयोग शोधा

व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रात रोज येतात. छोट्या प्रयोगांच्या क्वचित. म्हणून जागा धरून शोधा.

पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच ही माझी पहिली शिफारस. हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्यातलं ‘द बॉक्स’ याही जागांवर लक्ष ठेवा. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर आकाराने मोठं, पण पावसाळ्यात तिथे पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात. 1963 पासून चालत आलेली ही महाविद्यालयांची स्पर्धा एकदा तरी बघाच. अर्ध्या-पाऊण तासात जुन्या कथेची उलटी बाजू दाखवण्याचं धाडस ही मुलं बेधडक करतात. प्रेक्षागृहातला आरडाओरडा हाही त्याचाच भाग.

मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर 5 नोव्हेंबर 1978 ला सुरू झालं. तारीख आपल्या रंगभूमी दिनाचीच. तिथे प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. हिंदी-इंग्रजी प्रयोग जास्त असतात, मराठीही होतात. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचं एक्सपेरिमेंटल थिएटर, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीतलं मिनी थिएटर. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाचं नाव जुन्या लोकांकडून ऐकाल. सत्तरच्या दशकात अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ या संस्थेने तिथे प्रायोगिक नाटकांचे प्रयोग सुरू केले आणि ‘छबिलदास चळवळ’ हा शब्द त्यातून आला.

पुण्या-मुंबईत राहत नसाल तर राज्य नाट्य स्पर्धेसारखं दुसरं साधन नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी स्पर्धा साधारण दिवाळीनंतर गावोगावच्या केंद्रांवर होते. सांगली, नाशिक, नागपूर, रत्नागिरी, अशा ठिकाणी रोज संध्याकाळी एक नवं नाटक, तिकीट नाममात्र. बँकेत, शाळेत, एसटीत नोकरी करणारी माणसं महिनोन्‌महिने रात्री तालमी करून एक प्रयोग उभा करतात. सगळेच उत्तम असतात असं नाही. पण आठवडाभर रोज गेलात तर एक संध्याकाळ अशी निघते की घरी जाऊन झोप लागत नाही.

शोधण्याची रीत साधी: सभागृहाचं आणि दोन-तीन नाट्यसंस्थांचं इन्स्टाग्राम किंवा फेसबुक पान धरून ठेवा. पुण्यात आसक्त, नाटक कंपनी अशा संस्थांपासून सुरुवात करता येईल. पहिल्या प्रयोगानंतर दारात कुणीतरी व्हॉट्सॲप नंबर मागेल तो जरूर द्या. पुढच्या प्रयोगांची खबर त्याच वाटेने येते.

तिसरी पायरी: जाहिरात नीट वाचा

छोट्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. ‘रूपांतर’ म्हणजे माणसं आणि जागा आपल्याकडची केलेली. ‘आधारित’ म्हणजे मूळ गोष्टीपासून बरंच दूर जाण्याची मुभा घेतलेली. ‘नाट्यरूपांतर’ असेल तर मूळ कथा किंवा कादंबरी आहे. ‘रंगावृत्ती’ म्हणजे मूळ संहिता कापून-जोडून या प्रयोगासाठी बेतलेली. ‘अभिवाचन’ असेल तर नट हातात संहिता घेऊन वाचणार. हे कमी दर्जाचं अजिबात नाही, पण वेशभूषा-नेपथ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. ‘दीर्घांक’ म्हणजे बहुधा तास-सव्वा तास, मध्यंतर नाही. हे आधी कळलेलं बरं, कारण मधुमेह असलेल्या माणसाला काहीतरी खाऊन जावं लागतं आणि लहान मुलांना आधी स्वच्छतागृहात न्यावं लागतं.

मुलांना न्यायचं असेल तर वयाची सूचना बघा, नसेल तर फोन करून विचारा. पुराणातली कथा आहे म्हणजे बालनाट्यच असेल असं धरून चालू नका. द्रौपदीची गोष्ट छोट्या खोलीत पाच फुटांवरून बघणं मोठ्यांनाही जड जातं.

चौथी पायरी: तिकीट आणि जागा

तिकीट ‘बुक माय शो’, ‘तिकिटालय’ यांवर किंवा सरळ संस्थेच्या नंबरवर फोन करून मिळतं. खुर्च्या शंभर-दीडशेच असतात, तेव्हा ‘आयत्या वेळी बघू’ म्हणालात तर परत यावं लागेल. फुकट पासाची आशा धरू नका. ओळखीचा मुलगा नाटकात असेल तरी तिकीट काढूनच जा. छोट्या संस्थेला सभागृहाचं भाडं, दिवे, टेम्पो हे सगळं त्या शंभर तिकिटांतूनच भागवायचं असतं.

अनेक ठिकाणी आसनक्रमांक नसतात, जो आधी येईल तो आधी बसेल. नवख्याला मी तिसरी-चौथी रांग सांगते. पहिल्या रांगेत नट एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो आणि बावरायला होतं. तीन बाजूंनी बसायची सोय असेल तर समोरच बसा. कडेची जागा दुसऱ्यांदा बघताना घ्या. खाली बैठक असेल आणि गुडघे दुखत असतील तर दारावरच्या मुलांना सांगा, खुर्ची मिळते. मागायला संकोच करू नका.

पाचवी पायरी: घरून निघण्याआधी

मूळ गोष्ट दहा मिनिटं आठवा, किंवा घरातल्या कुणाला सांगा. एवढीच तयारी. कुणासमोर सांगितलीत तर जास्त चांगलं, कारण सांगताना तुम्ही काय गाळता तेही कळतं. आणि नेमकं तेच रंगमंचावर आलं तर दचकायला होतं.

यूट्यूबवर त्याच नाटकाचा जुना प्रयोग असेल तर आधी बघू नका. मग प्रत्येक नटाच्या मागे दुसरा कुणीतरी उभा दिसतो. नंतर खुशाल बघा.

अर्धा तास आधी पोचा. पेठांमध्ये गाडी लावायलाच पंधरा मिनिटं जातात. तिसरी घंटा झाली की दार बंद होतं आणि पुष्कळ छोट्या जागी मग उघडत नाही. एकदा मी तीन मिनिटं उशिरा पोचले आणि दीड तास बाहेरच्या पायरीवर बसून आतले आवाज ऐकले. वाईट वाटलं, पण दारातल्या मुलीचं बरोबर होतं. दार उघडलं असतं तर रस्त्यावरचा उजेड थेट नटाच्या तोंडावर गेला असता.

सहावी पायरी: आत बसल्यावर

मोबाइल बंद करा. सायलेंट नको, बंद. अंधाऱ्या छोट्या खोलीत पडद्याचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो आणि तो समोरच्या नटाला दिसतो. फोटो, चित्रण नाही. चिवड्याची पिशवी नाही. खोकला आला तर खुशाल खोका, माणसाला खोकला येतोच. हसू आलं तर हसा. शेजारच्याला ‘आता बघ, हा मरणार’ असं मात्र सांगू नका. त्यालाही ते माहीत आहे.

पहिली पाच मिनिटं चुकल्यासारखं वाटेल. राम जीन्समध्ये असेल, कैकेयीची भूमिका पुरुष करत असेल, एकच नट तीन माणसं होत असेल. घाबरू नका. प्रत्येक प्रयोग सुरुवातीला आपले नियम शिकवतो: ओढणी खांद्यावर घेतली की ही आई, कमरेला बांधली की ही दासी. हे तुमचं तुम्हाला समजतं, कुणी समजावून द्यावं लागत नाही.

मग तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीतलं काय गाळलंय आणि काय वाढवलंय, यावर लक्ष ठेवा. मला तर सर्वात जास्त गप्प बसलेलं माणूस बघायला आवडतं. मोठ्या नाट्यगृहात नजर बोलणाऱ्याकडे जाते. छोट्या जागेत ऐकणाराही तितकाच जवळ असतो. दशरथ वर देतो तेव्हा कौसल्या काय करतेय? पोथीत तिच्या त्या क्षणाला ओळ नसेलही, पण रंगमंचावर तिला उभं राहावंच लागतं, आणि ती कशी उभी राहते यात दिग्दर्शकाचं मत कळतं.

नाही आवडलं तर? होतं असं. नव्याच्या हौसेपायी गोष्टच हरवलेले प्रयोग मी पुष्कळ पाहिलेत. रामाच्या हातात लॅपटॉप दिला म्हणून रामायण आजचं होत नाही. बदल कशासाठी केला याचं उत्तर प्रयोगातच मिळायला हवं. नाही मिळालं तर ‘मला कळत नाही’ असं म्हणून दोष स्वतःकडे घेऊ नका. तुम्हाला गोष्ट माहीत आहे. तुमच्या मताला वजन आहे.

सातवी पायरी: पडदा पडल्यावर

बहुतेक जागी पडदा नसतोच. दिवे येतात, नट उभे राहतात आणि मग तिथेच घाम पुसत प्रेक्षकांशी बोलायला थांबतात. लगेच पळू नका. ‘छान झालं’ एवढं म्हणून थांबू नका. एक नेमका प्रश्न विचारा. “तुम्ही अंगठी का काढलीत?” असं विचारलं की दिग्दर्शकाचा चेहरा उजळतो. खुशाल वाद घाला. हे लोक एका प्रयोगासाठी दोन-दोन महिने राबलेले असतात. कुणीतरी इतक्या बारकाईने पाहिलं, याचं त्यांना अप्रूप असतं.

शक्य असेल तर तोच प्रयोग महिन्याभराने पुन्हा बघा. शुभारंभाच्या प्रयोगात जे अडखळत होतं ते दहाव्या प्रयोगात वाहतं, आणि कधी कधी उलटही होतं. एका वहीत तारीख, जागा आणि एकच आठवलेली गोष्ट लिहून ठेवा. माझ्या वहीत एका पानावर फक्त ‘मनगट’ एवढंच लिहिलंय, आणि तेवढ्यावरून अख्खा प्रयोग डोळ्यांसमोर येतो.

आणि कोकणात गेलात तर

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्री दशावतार उभा राहतो. याला सभागृह नाही, तिकीट नाही, तिसरी घंटाही नाही. पेटी, मृदंग आणि झांजेची साथ, रंगवलेले चेहरे, स्त्रियांच्या भूमिका करणारे पुरुष. आधी संकासुर वगैरे पूर्वरंग, मग पुराणातलं आख्यान. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेलं असतं आणि संवाद नट तिथे उभ्या उभ्या रचतात, समोरच्याने टाकलेला शब्द झेलत. त्यामुळे तीच कथा दोन रात्री सारखी होत नाही.

अंगावर शाल घ्या, बसायला चटई घ्या आणि देवळाच्या कठड्याजवळची जागा धरा. पहाटे आख्यान संपलं, नट मुकुट उतरवून पेटाऱ्यात ठेवायला लागले की जवळ जा आणि विचारा, “उद्या खंयच्या गावात?” कळलं की दुसऱ्या रात्री तिथे जाऊन बसा. कथा तीच लागली तर नशीब समजा: काल राजाने ज्या वाक्यावर रडवलं होतं, त्या जागी आज तो काय बोलतो ते कान देऊन ऐका.